शब्दपरीक्षा : ‘मेटिक्युलस’

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक पत्र सर्वांसमक्ष वाचलें गेलें. पत्र म्हणजे हल्लींच्या रीतीप्रमाणें आमच्या पुतणीच्या फोनवर आलेला मजकूर. परंतु कागदावर उतरल्याखेरीज कोणतीहि गोष्ट आमच्या मातोश्रींस खरी वाटत नाहीं, म्हणून तिनें तो छापून आणिला होता. पुतणी एका हिशेबतपासनिसांच्या कचेरींत नोकरीस आहे. वर्षअखेरच्या शेऱ्यांत तिच्या वरिष्ठांनीं तिच्या कामाविषयीं चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांत तिला ‘मेटिक्युलस’ असें विशेषण दिलें होतें. रात्रीचीं जेवणें आटोपून मंडळी बसली होती. मातोश्रींनीं विचारलें, “म्हणजे ग काय? चांगलें कीं वाईट?” भावजय म्हणाली, “चांगलेंच असणार, आई. पगार वाढविला आहे.”

व्यवहारदृष्ट्या हें उत्तर पुरेसें होतें. परंतु उभा जन्म फळ्यासमोर घालविलेल्या माणसास शब्दाचा अर्थ पगारावरून ठरविणें कसेंसेंच वाटतें. शिवाय सर्व मंडळी कौतुकानें हसत असतां जिचें कौतुक चाललें होतें ती मात्र हसत नव्हती, हें आमच्या नजरेंतून सुटलें नाहीं. तेव्हां या खेपेस तोच शब्द परीक्षेस घेतों.

इंग्रजी कोशांत या शब्दाचा अर्थ पाहिला तर बारीकसारीक तपशिलाची अत्यंत काळजी घेणारा, असा सांपडतो. कांहीं कोशकार त्यापुढें ‘किंवा प्रमाणाबाहेर काळजी घेणारा’ एवढें हळूच जोडतात. वाचक बहुधा पहिला अर्थ घेऊन कोश मिटतो. परंतु त्या ‘किंवा’च्या मागें या शब्दाचा सारा पूर्वेतिहास दडलेला आहे, आणि तो मोठा चमत्कारिक आहे.

लॅटिन भाषेंत ‘मेटस’ म्हणजे भय. त्यावरून ‘मेटिक्युलोसस’ म्हणजे भित्रा, भेदरलेला. ख्रिस्तपूर्व १८४ च्या सुमारास वारलेला रोमन नाटककार प्लॉटस याचें ‘अँफिट्रुओ’ नांवाचें एक प्रहसन आहे. त्यांत सोसिया नांवाचा एक चाकर हातांत कंदील घेऊन अंधाऱ्या रात्रीं धन्याच्या घराकडे येत असतो आणि वाटेंत दबा धरून बसलेला मर्क्युरी देव त्याची फजिती करूं पाहतो. याच्याइतका भित्रा दुसरा कोणी नसेल, असें तो देव म्हणतो, तेथें हाच शब्द आला आहे. वाचकांनीं क्षणभर विचार करावा : ज्या शब्दानें आज वरिष्ठ आपल्या हाताखालच्या माणसाची पाठ थोपटतात, तो शब्द मूळचा कंदील धरलेल्या त्या थरथरत्या हाताचा आहे.

इंग्रजींत हा शब्द सोळाव्या शतकांत आला तो याच अर्थानें, म्हणजे भित्रा म्हणून. पुढें तो मागें पडला आणि जवळजवळ नाहींसा झाला. एकोणिसाव्या शतकांत तो पुन्हां दिसूं लागला. मधल्या काळांत फ्रेंच भाषेच्या घरीं राहून त्याचें रूप पालटलें होतें. आतां तो अंधाराला भिणारा राहिला नव्हता, तर चुकेला भिणारा झाला होता. क्षुल्लक गोष्टींचा घोर लावून घेणारा, असा त्याचा अर्थ झाला. अद्यापि ती निंदाच होती. पण विसाव्या शतकाच्या आरंभीं वृत्तपत्रकारांस तो भारी आवडला आणि ते साध्या ‘काळजीपूर्वक’च्या ठिकाणीं त्याची योजना करूं लागले. फाउलरसाहेबांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी लेखनव्यवहाराच्या कोशांत या नव्या अर्थावर कडक ताशेरे ओढिले आहेत. (फाउलरसाहेब स्वतः पुष्कळ वर्षें शाळामास्तर होते, ताशेऱ्यांचा कडकपणा आम्हांस परका वाटला नाहीं.) परंतु भाषा कोणा मास्तराचें ऐकत नाहीं. त्यांच्या निषेधाला न जुमानतां शब्दानें आपला जुना वेष टाकून दिला आणि आज तो निखळ स्तुतीचा शब्द होऊन बसला आहे.

यांत इंग्रजीचेंच कांहीं विशेष आहे असें मात्र नाहीं. आमच्या धर्मशास्त्रांत ‘साहस’ म्हणजे बळजबरीनें केलेला अपराध. लूटमार, मारहाण हीं साहसें, आणि त्यांस दंड सांगितलेला आहे. आज आपण नातवंडांस साहसाच्या गोष्टी वाचावयास देतों. शब्दांना पूर्वजन्म असतो; फक्त तो त्यांस आठवत नाहीं.

आतां नेमकेपणाच्या या कुळांतील दुसऱ्या शब्दांकडे ओझरतें पाहूं. ‘ॲक्युरेट’ याच्या पोटीं ‘क्युरा’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ काळजी, निगा. रोग बरा करणें या अर्थाची इंग्रजी क्रिया त्याच घरची. म्हणजे ज्यावर निगा खर्च झाली आहे तें ‘ॲक्युरेट’. ‘प्रिसाइज’ म्हणजे टोंकास छाटून नीट केलेलें. ‘एक्झॅक्ट’ याचें नातें सारावसुली करण्याच्या क्रियेशीं आहे. येणें असेल तेवढें पुरतें काढून घेतलें, बाकी ठेविली नाहीं, असा त्याचा रोंख. ‘स्क्रुप्युलस’ याच्या मुळाशीं एक बारीक, टोंकदार खडा आहे. मनांत तो टोंचत राहतो म्हणून माणूस जपून पाऊल टाकतो. हा खडा आणि मघांचें भय हीं दोनच काय तीं दुःखाचीं मुळें. बाकीचीं मुळें निगेचीं आणि हत्याराचीं आहेत.

या शब्दांत भेद काय, असें पुष्कळ जण विचारतात, विशेषतः ‘ॲक्युरेट’ आणि ‘प्रिसाइज’ यांविषयीं. त्याला एव्हरेस्टच्या उंचीपेक्षां चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. सर्व्हे खात्यांत राधानाथ सिकदार यांच्या हातून गणित होऊन त्या शिखराची जी उंची निघाली, ती १८५६ सालीं २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. असें सांगतात कीं, सरासरी बरोबर २९,००० फूटच आली होती. परंतु एवढा गोल आंकडा पाहून लोकांस तो अंदाजाचा वाटेल, म्हणून सर्व्हेच्या अधिकाऱ्यांनीं त्यांत दोन फूट घातले. ही गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यांतील मर्म खरें आहे. दोन फुटांनीं आंकडा अधिक ‘प्रिसाइज’ दिसूं लागला, पण त्यामुळें तो अधिक ‘ॲक्युरेट’ झाला असें नव्हे. डिसेंबर २०२० मध्यें नेपाळ आणि चीन यांनीं मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे, म्हणजे सुमारें २९,०३२ फूट. जुना आंकडा तीस फुटांनीं कमी ठरला. तरी शंभर मैलांहून अधिक अंतरावरून दुर्बिणींतून कोन मोजून हजारांत एक एवढीच चूक व्हावी, ही केवढी ‘ॲक्युरसी’! सारांश, आंकडा किती बारीक छाटला आहे हें ‘प्रिसाइज’ सांगतो. तो सत्याच्या किती जवळ आहे हें ‘ॲक्युरेट’ सांगतो. आणि ‘मेटिक्युलस’? तो आंकड्याविषयीं बोलतच नाहीं. तो आंकडा काढणाऱ्या माणसाविषयीं, किंवा फार तर त्याच्या कामाच्या रीतीविषयीं बोलतो.

हें ध्यानांत ठेविलें म्हणजे प्रयोगांत चूक होत नाहीं. घड्याळ ‘ॲक्युरेट’ असेल, घड्याळ दुरुस्त करणारा ‘मेटिक्युलस’ असेल. ‘मेटिक्युलस’ घड्याळ कोठें मिळत नाहीं. रक्कम ‘एक्झॅक्ट’, वेळ ‘प्रिसाइज’, आणि टिपण, तयारी, शोध, नोंद हीं ‘मेटिक्युलस’. कारण त्यांत माणसाचा हात दिसतो. ‘फार मेटिक्युलस’ म्हणणें म्हणजे कढींत ताक घालण्यासारखें आहे. उच्चारांत आघात ‘टि’वर द्यावा. आमच्या शाळेंत एक इन्स्पेक्टर आले होते, ते ‘मे’वर जोर देत असत, आम्ही कांहीं बोललों नाहीं.

आघाताचा विषय निघाला म्हणून एक जुनी कथा आठवते. त्वष्ट्यानें इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ आरंभिला आणि ‘इंद्रशत्रु’ असा शब्द उच्चारला. त्याला म्हणावयाचें होतें इंद्राचा शत्रु, म्हणजे त्याचा वध करणारा. तो तत्पुरुष समास. त्यांत आघात शेवटीं हवा. पण स्वर चुकला, आघात आरंभीं पडला, समास बहुव्रीहि झाला, आणि अर्थ झाला, इंद्र आहे शत्रु ज्याचा असा. वृत्र जन्मास आला आणि इंद्राच्याच हातून मेला. पतंजलीनें महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकांत, व्याकरण कां शिकावें हें सांगतांना, या गोष्टीचा दाखला दिला आहे. पाठशाळेंत आमच्या गुरुजींनीं ही गोष्ट आम्हांस सांगितली तेव्हां आमची पांचांवर धारण बसली होती. एक स्वर चुकला आणि मूल मेलें! आमच्या शुद्धलेखनाचा पाया त्या दिवशीं घातला गेला, आणि तो भयाचा होता.

त्याच परंपरेंत दुसरीहि एक गोष्ट आहे, परंतु ती आम्हांस फार उशिरां भेटली. काशीस राहिलेले महाराष्ट्रीय वैयाकरण नागोजीभट्ट यांच्या परिभाषेंदुशेखरांत असें म्हटलें आहे कीं, सूत्रांतून अर्धी मात्रा वांचली तर वैयाकरणांस पुत्र झाल्यासारखा उत्सव वाटतो. तेंच शास्त्र, तीच अर्धी मात्रा. पण एकीकडे ती चुकली तर पुत्र मरतो, आणि दुसरीकडे ती वांचली तर पुत्र होतो. काटेकोरपणाचीं हीं दोन मुळें. शाळेंत आम्ही मुलांना पहिली गोष्ट दरवर्षीं सांगत आलों. दुसरी सांगितल्याचें आठवत नाहीं.

येथें आमची एक हकीकत सांगणें भाग आहे. आमच्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. सहामाही परीक्षेंत त्यानें निबंधाच्या अवघ्या सात ओळी लिहिल्या. सातहि निर्दोष, ऱ्हस्व-दीर्घाची एकसुद्धां चूक नाहीं. “बाकीचें कां लिहिलें नाहींस?” म्हणून विचारलें, तर म्हणाला, “गुरुजी, बाकीच्या शब्दांची खात्री नव्हती.” आम्हीं काय करावें? तो निबंध सर्व वर्गापुढें वाचून दाखविला आणि शुद्धलेखन असें असावें म्हणून सांगितलें. त्या मुलाला काय काय लिहावयाचें होतें, हें आम्हीं विचारलें नाहीं. वर्षअखेरीस त्याच्या वर्गांतील आणखी पांच-सहा मुलांचे निबंध आंखूड झाले होते, आणि तपासावयाला वेळ कमी लागतो म्हणून आम्हांस बरें वाटलें होतें.

आणि ही पुतणी तर घरचीच विद्यार्थिनी. ती आठ-नऊ वर्षांची असतांना रोज संध्याकाळीं पाटी घेऊन आमच्यापुढें बसे. एक वेलांटी चुकली कीं सारी पाटी पुसून पुन्हां पहिल्यापासून, असा आमचा नियम होता. ती रडत नसे. म्हणून नियम तिला मानवला, असा आमचा समज झाला.

पत्राच्या दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिला शब्दाची वरील सर्व कुळकथा ऐकविली. प्लॉटसच्या चाकराशीं पोंचलों तेव्हां ती म्हणाली, “काका, मग साहेबांनीं बरोबरच लिहिलें आहे. मला मूळचाच अर्थ लागू पडतो.” हळूहळू कळलें तें असें कीं, मोठा ताळेबंद पाठविण्याच्या आदल्या रात्रीं ती दोन-दोन वाजतां उठून बेरजा पुन्हां पाहते. चूक सांपडते का? सहसा नाहीं. “पण नाहीं हें पाहिल्यावांचून झोंप येत नाहीं. कोणी तरी सगळी पाटी पुसून टाकील, असें वाटतें.” हें ती हसत म्हणाली. आम्हांस हसूं आलें नाहीं.

यावर काय बोलावें तें सुचेना, म्हणून आम्ही वाचनालयांत गेलों आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें काढलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा आदिपर्वाचा खंड घेऊन आलों. मास्तरांची ही खोडच आहे. माणसाचें दुःख पाहिलें कीं ते पुस्तक आणतात. परंतु हा ग्रंथ आणण्यास कारण होतें. १९१९ सालीं पुण्यास हें काम सुरू झालें, १९२५ मध्यें डॉ. सुखठणकर यांनीं त्याची धुरा घेतली, आणि १९६६ सालीं तें पुरें झालें. सुखठणकर १९४३ सालींच निवर्तले होते. बाराशें एकोणसाठ हस्तलिखितें मिळवून, श्लोकाश्लोकास ताडून, संहिता ठरविली. पान उघडावें तर वर संहितेच्या चार ओळी आणि खालीं बारीक अक्षरांत पाठभेदांचें रान माजलेलें. ‘मेटिक्युलस’ म्हणून दाखवावें असें याहून मोठें काम आमच्या माहितींत नाहीं.

परंतु आम्हांस तिला दाखवावयाची होती ती निराळीच वस्तु. संहितेंतील कांहीं शब्दांखालीं एक नागमोडी रेघ ओढलेली आहे. तिचा अर्थ इतकाच कीं, येथें संपादकांची पुरती खात्री नाहीं. हा पाठ त्यांतल्या त्यांत बरा वाटला म्हणून घेतला आहे. एवढा खटाटोप केला, जगभरचे पंडित दोष काढावयास टपलेले, आणि तरीहि या माणसांनीं आपल्या हातानें आपल्या संशयाखालीं रेघ ओढून ठेविली; आणि रेघ ओढली म्हणून तो शब्द गाळला नाहीं, कीं ग्रंथहि सात ओळींत संपविला नाहीं. जो चुकेला भितो तो संशय झांकतो, किंवा संशय असेल तेथें लिहीतच नाहीं. ज्याचें कामावर प्रेम असतें तो लिहितो, आणि रेघ ओढतो.

पुतणीनें पान बराच वेळ पाहिलें. मग म्हणाली, “आमच्याकडेहि असा शेरा लिहितां येतो, काका. पण लिहिला कीं वरून विचारतात, तुम्ही पुरतें तपासलें नाहीं का?” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आमच्या वर्गांत कोणी रेघ ओढली असती तर आम्हींहि तेंच विचारलें असतें.

राहिला मातोश्रींचा प्रश्न : मराठींत काय म्हणावें? ‘काटेकोर’ हा शब्द चांगला आहे. ऐकतांच तराजूचा कांटा डोळ्यांपुढें येतो. परंतु त्यांत थोडी कंजुषीची झांक आहे. काटेकोर माणसाच्या घरीं पाहुणे दुसरी वाटी मागत नाहींत. ‘तंतोतंत’ आणि ‘हुबेहूब’ हे नकलेचे शब्द. ‘चिकित्सक’ म्हटलें तर स्वयंपाकघरांत त्याचा अर्थ निराळा होतो. आम्हीं पसंत केला तो ‘साक्षेपी’. समर्थ रामदासांच्या दासबोधांत साक्षेपाचा महिमा ठिकठिकाणीं आहे आणि तेथें त्याचा अर्थ चिकाटीचा, सावध उद्योग. मौज अशी कीं, संस्कृतांत ‘साक्षेप’ म्हणजे आक्षेपासहित, टोमणा मारून बोललेलें. म्हणजे हाहि शब्द निंदेच्या घरांतून निघून स्तुतीच्या घरीं नांदावयास आला; मात्र मराठींत येतांना त्यानें बरोबर भय आणिलें नाहीं, उद्योग आणिला. मातोश्रींनीं शब्द तत्काळ मान्य केला. “समर्थांचा आहे ना? मग झालें,” म्हणाल्या, आणि छापलेल्या पत्राच्या मागें तो आमच्याकडून ठळक अक्षरांत लिहवून घेतला. घाईंत आमच्याकडून ‘क्षे’वरची मात्रा राहिली. ती पुतणीनें दाखविली, आणि आम्हीं कागद बदलूं म्हटलें तर बदलूं दिला नाहीं. मात्रा तेवढी वर बसविली.

एका वाचकभगिनींनीं ‘पंक्चुअल’ आणि ‘पंक्टिलियस’ यांतील भेद विचारला आहे. दोन्हीं एकाच बिंदूंतून निघाले आहेत, पण एक स्टेशनावर उपयोगी पडतो आणि दुसरा लग्नांतल्या मानपानांत. त्याविषयीं पुढील अंकीं.